रविवार मिळवून देणारे नारायणराव

आपला स्नेहमेळावा रविवारी ठरला, तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटले नाही. रविवारशिवाय पुण्या-मुंबईची मंडळी भिगवणला येणार तरी कधी? संपादक मंडळाने मला फोन करून सांगितले, सर, एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, पण फुले, कर्मवीर आणि साने गुरुजी सोडून, कारण ते तिघे आधीच वाटले गेले आहेत. मी लगेच नाव दिले: नारायण मेघाजी लोखंडे. पलीकडे क्षणभर शांतता. दोष त्या पोराचा नाही. भारतातील कामगार चळवळीचे जनक एवढ्या एका वाक्यात मीच त्यांना दरवर्षी आटोपत असे आणि पुढच्या धड्याकडे वळत असे.

हे नाव का दिले, ते सांगितल्याशिवाय चरित्राकडे जाता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिक्षक खोलीत आमची दहा-पंधरा मिनिटांची बैठक व्हायची. तुम्ही तिला सरांची प्रार्थना म्हणायचा, हे मला ठाऊक होते. मी नोकरीला लागलो तेव्हा १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपाच्या आठवणी ताज्या होत्या. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक त्यात उतरले होते. ज्येष्ठ शिक्षकांनी मला तरुण पाहून संघटनेचे काम गळ्यात घातले: वर्गणी गोळा करायची, पावती फाडायची आणि आलेले परिपत्रक शनिवारी वाचून दाखवायचे. परिपत्रकात काय असे? महागाई भत्त्याचा हप्ता, फंडाच्या पावत्या, नव्या शिक्षकाची वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांकडे कुठे अडली आहे, संघटनेच्या निवडणुकीची तारीख. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की हमखास एक ओळ असे की जुन्या यादीत नाव होते म्हणून स्वस्थ बसू नका, यादी दर वेळी नव्याने होते, १९ नंबरचा फॉर्म भरा. तरी दर वेळी कोणीतरी स्वस्थ बसेच.

एका दिवाळीच्या आधी मी ते वाचले नाही. सुट्टी लागत होती, प्रत्येकाला एसटी गाठायची होती. परिपत्रक माझ्या पिशवीत राहिले. त्यात लिहिले होते की प्रत्येकाने आपल्या फंडाची वारसनोंद तपासून घ्यावी, विशेषतः लग्नाआधी नोंद केली असेल त्यांनी. आमच्या एका सहकाऱ्याने नोकरीला लागताना वडिलांचे नाव लावले होते. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या सुट्टीनंतर दोन महिन्यांत तो स्वतःच गेला. त्याच्या पत्नीला वारस दाखला मिळवून पैसे हाती यायला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात तिने काय विकले, ते मला माहीत आहे. कार्यालयाला मी बोल लावत नाही, कागद नियमाप्रमाणेच मागितले गेले. कागद माझ्या पिशवीत होता.

त्यानंतर मी लोखंडे नीट वाचायला घेतले. ज्या माणसाने कष्टकऱ्यांना त्यांच्याच कामाची बातमी पोचवण्याचा धंदा मांडला, तो कसा चालवला, हे मला पाहायचे होते.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. घराणे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, परिस्थिती बेताची. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे या दोन गोष्टी एकमेकींना येऊन मिळाल्या. लोखंडे दहा वर्षांचे असताना पुण्याहून निघालेला लोहमार्ग आपल्या शेजारच्या डिकसळपर्यंत येऊन पोचला, १८५८ साली. उजनीचे पाणी आणि रोहित पक्षी ही आपली अलीकडची ओळख. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी या रुळांनी देशावरच्या माणसाला मुंबईची वाट दाखवली होती. दुष्काळ पडला की माणसे त्या वाटेने गिरणीत जात.

लोखंडे स्वतः गिरणीत साचा चालवायला गेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे. त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले होते. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि नंतर मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी नोकरी केली. स्टोअरकीपर म्हणजे ना मालक ना मजूर. तेलाचा डबा, पट्टा, बॉबिन देता-घेता सगळ्या खात्यांची माणसे त्याच्या खिडकीशी येतात. कोणाचा हात पट्ट्यात गेला, कोणाचा पगार दोन महिने थकला, कोणाला मुकादमाने काढले, हे त्या खिडकीत आपोआप कळते. शाळेतला कारकून ज्या जागी बसतो तशीच ती जागा.

त्या वेळच्या गिरणीचा दिवस घड्याळावर नव्हता, सूर्यावर होता. विजेचे दिवे यायचे होते, म्हणून उजाडले की यंत्र सुरू आणि अंधारले की बंद. हिवाळ्यात दिवस थोडा लहान, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची सुट्टी नव्हती. सणाला गिरणी बंद राही, आणि रविवारी काम थांबले तरी यंत्रांच्या साफसफाईला माणसांना बोलावले जाई. जेवायला ठरलेली वेळ नव्हती. पगार महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळे, त्यामुळे मधल्या दिवसांसाठी सावकार ठरलेला. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, पण त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे ठरवले. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काही नव्हते.

लोखंडे सत्यशोधक समाजाच्या कामात ओढले गेले ते या काळात. फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापला आणि मुंबईत त्याचे काम उभे करणाऱ्यांत लोखंडे पुढे होते. फुल्यांचा विचार त्यांनी गिरणीच्या दाराशी नेला. शिक्षक म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात गावच्या शाळामास्तरांच्या पगाराचाही विचार होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये द्यावेत, असे त्यांनी सुचवले. गावाचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल अशी कामे त्यांना जोडून द्यावीत म्हणजे गावात त्यांचे वजन राहील, असाही त्यांचा विचार होता. मास्तरला पोटापुरते मिळाले आणि गावात मान मिळाला तरच तो पोरांना माणूस समजून शिकवील, हा त्यामागचा हिशेब मला दिसतो. आमच्या परिपत्रकातले पगार आणि मान्यता हे दोन विषय फुल्यांनी तेव्हाच मांडून ठेवले होते. गंमत म्हणजे हल्ली जोडकामे इतकी झाली आहेत की फुल्यांनाही पश्चात्ताप झाला असता.

आता दीनबंधूकडे. हे साप्ताहिक कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात सुरू केले. भालेकर हे सत्यशोधक चळवळीतले फार मोठे आणि फार उपेक्षित माणूस, त्यांच्यावर कधीतरी वेगळे लिहायला हवे. पत्र पैशाअभावी अडचणीत आले आणि १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईला नेऊन चालवायला घेतले. शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे ते पत्र. बड्या वृत्तपत्रांच्या नजरेत गिरणी म्हणजे देशाची प्रगती, आणि कारखाना कायदा म्हणजे लँकेशायरच्या गोऱ्या गिरणीवाल्यांनी आपल्या गिरण्या मागे ओढायला रचलेला डाव. यात खोटे काही नव्हते, लँकेशायरचा स्वार्थ होताच. पण गिरणीत बारा-तेरा तास उभ्या राहणाऱ्या बाईला तो युक्तिवाद ऐकवून काय उपयोग? स्वार्थ कोणाचाही असो, जेवायची अर्धा तास सुट्टी मिळते का, हा तिचा प्रश्न. लोखंड्यांनी तो प्रश्न धरला आणि सोडला नाही.

कामगारांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी वर्तमानपत्र काढणे हा वेडेपणा वाटेल. पण एका चाळीत एक वाचणारा असला की पुरतो, हे आमच्या शनिवारच्या बैठकीने मला शिकवले आहे. आणि पत्राच्या जोडीला लोखंड्यांनी सभा धरल्या.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार. कामगारांच्या वतीने बोलायला कोणी नव्हते. २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली, तीन दिवसांनी भायखळ्याला दुसरी. तिथे मागण्या ठरल्या आणि त्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर गंभीर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचे अपंगत्व आले तर पोटाची सोय.

पगाराच्या मागणीकडे पाहा. पगार वाढवा असे त्यात नाही, वेळेवर द्या एवढेच आहे. पगार तारखेला झाला नाही तर किराणावाल्याच्या दुकानासमोरून जाताना मान कशी खाली जाते, हे ज्यांनी शालार्थ यायच्या आधीची वर्षे पाहिली आहेत त्या शिक्षकांना सांगायला नको. लोखंड्यांना ते त्यांच्या खिडकीतून दिसले असणार. मुंबई मिल हॅण्ड्स असोसिएशन म्हणून जी संस्था ओळखली जाते, ती या सभांतून उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी या कामाला वाहून घेतले.

त्यानंतर मात्र सहा वर्षे हाती काही पडले नाही. आयोगाचा अहवाल झाला, कागद इकडून तिकडे गेले. संघटनेचे काम केलेल्या माणसाला या सहा वर्षांचे मोल कळते. सभेला लोक येतात ते पहिल्या वर्षी. मग विचारू लागतात, सर, काय झाले आपल्या त्या अर्जाचे? दर आठवड्याला काहीतरी सांगायला लागते, आणि सांगण्यासारखे काही नसते. तरी दीनबंधू निघत राहिला, अर्ज जात राहिले.

१८९० हे वर्ष फळाचे. २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली, उघड्या मैदानावर, दहा हजार पुरुषांसमोर! त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत, ही आपल्या इतिहासाची नेहमीची खोड. त्या सभेचे निवेदन गिरणीमालक संघाकडे गेले आणि १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याला रविवारची सुट्टी देण्याचे मान्य केले. त्याच साली सरकारने नवा आयोग नेमला, त्यावर सोराबजी शापुरजी बेंगाली यांच्यासारखा कामगारांची कणव असलेला सदस्य होता, आणि मुंबईच्या कामकाजापुरते लोखंड्यांनाही त्यात सहभागी करून घेण्यात आले. ज्या माणसाला सहा वर्षांपूर्वी आयोगाच्या दाराबाहेर सभा घ्यावी लागली, तो आत बसला. १८९१ च्या दुरुस्त कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आले. पुरुषांच्या तासांना मर्यादा तेव्हाही पडली नाही.

फुले रविवारच्या सुट्टीचा निकाल पाहून १८९० च्या नोव्हेंबरात गेले.

आता जे मला खटकते तेही लिहितो, कारण स्मरणिकेतल्या चरित्रात सगळे गोडच लिहायचे अशी आपली रीत आहे आणि ती लोखंड्यांना शोभणार नाही. १८९२ च्या कारखान्यांविषयीच्या सरकारी अहवालात असोसिएशनबद्दल नोंद आहे: या संस्थेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. सरकारी माणसाचा हेतू कमी लेखण्याचा असेल, पण म्हणणे खरे होते. सभासद कोण, तर सभेला आलेला प्रत्येक जण. अध्यक्ष कोणी निवडला, तर कोणी नाही, लोखंडेच होते. वर्गणी नव्हती, म्हणून पावती नव्हती, म्हणून हिशेब मागायला कोणी नव्हते. सरकारने आणि मालकांनी मान्यता दिली ती एका माणसाला. कामगारांची मान्यता त्या माणसाबरोबर येणारी आणि त्याच्याबरोबरच जाणारी राहिली.

पण त्यांना सरसकट दोष देणेही बरे नाही. साडेपाच हजार सह्यांत कितीतरी अंगठे असतील. दोन महिने पगार थकलेल्या माणसाकडून महिन्याचा आणा कसा मागायचा? युनियनला कायद्याने ओळखच नव्हती, ती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने आली. तरी मला वाटते, यादी करायला हवी होती. यादीत नाव असले की माणूस विचारतो. आमच्या तालुका शाखेच्या निवडणुकीत दोन गट उभे राहायचे, भांडणे व्हायची, चहाचे पैसे कोणी दिले यावरून आठ दिवस अबोला असायचा. तुमच्यापैकी जे आज शिक्षक आहेत ते या भांडणांना कंटाळलेले असतात, मीही कंटाळलो होतो. पण भांडण व्हायचे म्हणून पावतीपुस्तक दोघे तपासायचे.

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवावा म्हणून त्यांनी न्हावी समाजाची सभा घडवून आणली. स्त्रीच्या डोक्यावरचे केस ही त्या काळात धर्माची बाब होती. ती त्यांनी कारागिराच्या हाताची बाब करून टाकली, आणि हात तर कारागिराचाच. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा ते गिरणगावात शांततेसाठी फिरले. त्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. किताब घ्यावा की न घ्यावा यावर मतभेद होतील. मी असतो तर मला मोह झाला असता.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. ज्या मांडवीच्या गिरणीत लोखंड्यांनी स्टोअर सांभाळले, तोच भाग. ज्यांना जमले ते मुंबई सोडून पळाले, गाड्या भरभरून देशाकडे आल्या. आपल्या बाजूलाही त्या गाड्यांनी माणसे आणली असणार. लोखंडे मुंबईतच राहिले. रोग्यांना छावणीत नेताना होणारी हेळसांड पाहून त्यांनी आपल्या लोकांसाठी वेगळ्या रुग्णालयाची सोय उभी केली आणि तिथे ते स्वतः राबले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वय ४९ च्या आत. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ज्या घराने आपल्याला पहिली शिक्षिका दिली आणि ज्या चळवळीने पहिला कामगार पुढारी दिला, ती दोन्ही माणसे एकाच साथीत एकाच कारणाने गेली.

त्यांच्यामागे असोसिएशन राहिली नाही, कारण तिचे जे होते ते एका माणसात होते. दीनबंधू मात्र राहिला. पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी तो चालवला आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाईंनी संपादन हाती घेतले. गिरणी कामगारांना वर्गणी, यादी आणि निवडणूक असलेल्या युनियन मिळायला आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या मुळाशी ना. म. जोशी होते. परळला, जिथे सुपारीबागेची सभा झाली त्याच भागात, आज लोखंड्यांच्या नावाची राज्य सरकारची श्रमविज्ञान संस्था आहे. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एके काळी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचे तिकीट निघाले, हे मला फार आवडले. मी चार तिकिटे घेऊन ठेवली होती. दोन वापरली गेली, एक एका विद्यार्थ्याला दिले, एक अजून आहे.

निवृत्तीच्या दिवशी मी पावतीपुस्तके, सभासदांची यादी आणि परिपत्रकांची फाइल पुढच्या माणसाच्या हाती दिली, सही घेतली. त्या दिवाळीचे परिपत्रक फाइलमध्ये नाही. ते माझ्याकडे आहे. सहकाऱ्याची मुलगी आपल्याच शाळेत शिकली, मेळाव्याला येणार आहे असे कळले. तीही आता शिक्षिका आहे. तिची वारसनोंद झाली आहे का, हे रविवारी तिला विचारायचे आहे.